जवळचा खटका आधी

३ नोव्हेंबर, सोमवार

पोचले एकदाची! बस सुटताना आई रडत होती आणि बाबा खिडकीखाली उभे राहून ड्रायव्हरला बजावत होते, की जरा जपून ने रे बाबा, आत इंजिनिअर बसलीय. सगळी बस माझ्याकडे वळून बघायला लागली. लाजेने अर्धी झाले. पण आतून फुललेही होते, खोटं कशाला लिहू?

खोली कारखान्याच्या आवारातच आहे, कोठाराच्या वर. खाट, टेबल, भिंतीतलं कपाट, आणि शेजारीच बॉयलर असल्यामुळे नळाला केव्हाही गरम पाणी. खिडकीतून काय दिसतं म्हणून आईने फोनवर विचारलं. ट्रान्सफॉर्मर, म्हटलं. अगं, एखादं झाड तरी दिसत असेल, म्हणाली. नाही आई, ट्रान्सफॉर्मरच. जाळीच्या कुंपणात एकटाच उभा आहे, राखाडी, गुबगुबीत, दिवसभर स्वतःशीच गुणगुणतो. मला तर बाई आवडला.

कारखाना धुलाईचा. इस्पितळांच्या, हॉटेलांच्या, वसतिगृहांच्या चादरी गाठोड्यांनी येतात आणि इस्त्री होऊन, घड्या होऊन परत जातात. काम करणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायका. त्यांच्यावर मुकादमबाई, आवाज असा की यंत्रं चालू असतानाही शेवटच्या टोकाला ऐकू जावा. विजेचं सगळं आता माझ्याकडे. हाताखाली एक वायरमन काका आहेत, ते कमी बोलतात आणि जास्त खोकतात.

बाबा गवंडी. घरामागे माझ्यासाठी एक खोली काढताहेत. म्हणाले, जन्मभर लोकांच्या भिंती उभ्या केल्या, आता एक इंजिनिअरबाईंसाठी. स्विचबोर्ड कुठे घेऊ ते तेवढं सांग. मी म्हटलं, सुट्टीत आले की जागा बघून सांगते.

५ नोव्हेंबर, बुधवार

इथे एक गमतीची पद्धत आहे. मुख्य पॅनलची खोली फाटकातून आत शिरल्या शिरल्या उजव्या हाताला. कामावर येणारी प्रत्येक बाई तिथे क्षणभर थांबते आणि पॅनलच्या लोखंडी दाराला हाताची मागची बाजू लावून मग पुढे जाते. जाताना पुन्हा तसंच. सरळ हात कुणी लावत नाही. वायरमन लोक कशालाही आधी उलटाच हात लावून बघतात, कारण झटका बसला तर मूठ आवळली जाते आणि सरळ हात चिकटून बसतो. कुणीतरी पूर्वी शिकवलेलं असणार, आणि पुढे त्याचं वळण पडलं.

गाठोडी सोडणारी एक मुलगी आहे, अखंड बडबड करते म्हणून सगळ्या तिला रेडिओ म्हणतात. तिने सांगितलं की दार उबदार असतं, साबणाच्या पाण्याने हाताला पडलेल्या भेगा त्याने भरतात, अंग दुखायचं थांबतं. तुम्ही लावा ना मॅडम, म्हणाली. मी रबरी हातमोजे घातले होते. तिने ते पाहिले आणि ओरडली, की मॅडम ऑपरेशनला निघाल्या, जागा करा गं! रोलरवर चादरी सोडणाऱ्या मावशी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

हसोत बापड्या. मी पॅनलला उघड्या हाताने शिवणार नाही. आणि दार उबदार असतं ही काही चांगली बातमी नव्हे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज पॅनल उघडून पाहिलं आणि धक्काच बसला. ट्रान्सफॉर्मरकडून केबल आत येते तिथे खटका, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारा ब्रेकर, नाही. फ्यूजसुद्धा नाही. फ्यूजच्या जागी तांब्याच्या जाड पट्ट्या बोल्टने आवळून ठेवल्यात. म्हणजे जास्त प्रवाह आला तर तोडायला मध्ये कुणीच नाही.

मॅनेजर म्हणाले, ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे खांबावर फ्यूज आहे की. मी त्यांना समजावलं. तो फ्यूज ट्रान्सफॉर्मरला वाचवायला आहे, पॅनलला नव्हे. ट्रान्सफॉर्मर दाब उतरवतो आणि प्रवाह वाढवतो, त्यामुळे इथे पॅनल तापून लाल झालं तरी पलीकडे जेमतेम काही जाणवतं. फाटकावरच्या रखवालदाराला आपल्या स्वयंपाकघरात दूध उतू गेलेलं कसं कळणार? ज्याच्या त्याच्या दाराशी ज्याचा त्याचा खटका हवा. मॅनेजरांना दुधाचं पटलं. खटका मागवा म्हणाले.

कॉलेजात आमचे सर सांगायचे, जवळचा खटका आधी पडला पाहिजे. बिघाडाच्या सगळ्यात जवळ जो आहे त्याने पडायचं, म्हणजे बाकीच्यांचा उजेड जात नाही. माणसांनाही हे लागू केलं तर जग किती सुधारेल, असं मी तेव्हा वहीच्या मागे लिहिलं होतं. आता थोडं हसू येतं, पण अजून पटतंच.

९ नोव्हेंबर, रविवार

सुट्टी. कारखाना बंद. पॅनलमधून बाहेर जाणारे सगळे खटके मी स्वतः खाली केले. यंत्रं बंद, दिवे बंद, पंखे बंद.

मीटरचा काटा शून्यावर आला नाही. चांगला वर उभा होता.

दुसरं मीटर लावलं. तेच. कुठेच जात नसलेला प्रवाह कुणीतरी घेतंय. केबलला गळती असणार. वायरमन काकांना विचारलं तर म्हणाले, तो काटा तसाच असतो, मी इथे कामाला लागलो तेव्हा याहून बराच खाली होता. मग खोकत निघून गेले.

१२ नोव्हेंबर, बुधवार

नवीन लागलेल्या एका बाईला रेडिओ आज पॅनलपाशी घेऊन आली. मी मीटर वाचत तिथेच उभी होते. त्या बाईने उलटा हात दाराला टेकवला आणि काटा वर गेला. थोडासाच. हात काढला. काटा उतरला नाही.

दाराला प्रवाह असता तर तिला झटका बसला असता. तिला तर बरं वाटलं, खांदा मोकळा झाला म्हणाली. दाराची तपासणी केली, स्वच्छ आहे.

योगायोग असेल. काटा जुना आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

खटका आला! उद्या बसवायचा. त्यासाठी पॅनलचा पुरवठा बंद करावा लागणार. मुकादमबाई खोलीत आल्या आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलल्या. बंद करू नका ताई, म्हणाल्या. हे कधी बंद होत नाही. मी म्हटलं, आग लागली तर तुमच्या बायका जिवंत जळतील, ते चालेल का? चाललं असतं तर बोलायला आलेच नसते, म्हणाल्या. शेवटी, बंद करायच्या आधी थोडा वेळ द्या, एवढंच मागून गेल्या.

१६ नोव्हेंबर, रविवार

सुट्टी असूनही सगळ्याजणी सकाळी आल्या. एकेक करून दाराला हात लावून गेल्या. सगळ्यात शेवटी रोलरवाल्या मावशी. त्या जरा जास्त वेळ थांबल्या. मग माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, घे पोरी, उरक आता तुझं. नवी साडी नेसून आल्या होत्या. मी म्हटलं, मावशी, आज काय विशेष? तर नुसत्या हसल्या.

पुरवठा बंद केला. पट्ट्या काढल्या. आतल्या अंगाने त्या काळ्यानिळ्या पडल्या होत्या. खटका व्यवस्थित बसला. दुपारी पुरवठा सुरू केला. माझं पहिलं खरं काम! बाबांना लगेच फोन केला. त्यांनी बांधकामावरच्या सगळ्यांना ओरडून सांगितलं, मला इकडे ऐकू आलं.

संध्याकाळी कळलं, मावशी गेल्या. घरी भिंतीला टेकून बसल्या होत्या, तशाच. वय झालं होतं, हृदय थांबलं असणार, असं डॉक्टर म्हणाले. बाकीच्याही म्हणे दिवसभर थंडीने कुडकुडत पांघरुणात पडून होत्या. पुरवठा आला तशा उठल्या. काहीतरी साथ असावी.

साडीचं मनातून जात नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

पॅनलपाशी आता कुणी हसत नाही. हात मात्र लावतात. न लावून जमत नाही, रेडिओ म्हणाली. दोन दिवस नाही लावला तर बोटं बधिर होतात.

काटा चढतोच आहे. नवीन कुणी लावला नाही तरी. जे आहेत तेच जास्त ओढताहेत, असं वाटतं.

मी काय लिहितेय हे? गळती आहे. शोधायची.

२४ नोव्हेंबर, सोमवार

खटका पडला. दुपारी, पाळी सुटल्यानंतर. मोठा आवाज झाला. मी कोठारातून धावत आले. कुठे जळलेलं नाही, बिघाड नाही. नुसता भार जास्त झाला आणि त्याने त्याचं काम केलं. मी तो पुन्हा वर केला.

रेडिओ घरी जायच्या बसमध्ये होती. शेजारी मुकादमबाईंची लेक बसली होती. ती सांगत होती, की रेडिओने एक गोष्ट सांगायला घेतली होती, हात हलवून हलवून. मध्येच थांबली. आता पुढचं आठवत असेल, असं म्हणून लेक हसत वाट बघत राहिली.

किती वेळ वाट बघितली, ते तिला सांगता येईना.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

सगळ्या गप्प. दाराला आज एकीनेही हात लावला नाही. त्या गाठोड्यांपाशी उभं राहवत नाही, तिथे फारच शांत आहे.

मुकादमबाईंना कोपऱ्यात गाठून विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही. पॅनलचा पुरवठा गेला, की सगळ्यात शेवटी ज्याने हात लावला तो माणूस जातो. कुठेही असला तरी. म्हणून कुणीतरी फार पूर्वी त्या पट्ट्या टाकल्या, कधी तुटूच नये म्हणून. मावशींनी स्वतः मागून घेतलं होतं, की माझं झालं, मी शेवटी लावते. मग काल शेवटची कोण, म्हणून मी विचारलं. रेडिओ. तिच्या आधी? मुकादमबाई घड्यांच्या टेबलाकडे, तिथे घड्या घालणाऱ्या आपल्या लेकीकडे बघत राहिल्या.

मी शिकलेली आहे. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही.

खटक्याची मर्यादा वाढवून शेवटच्या खुणेवर नेली आहे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

यंत्रं बंद करून पाहिली. फरक नाही. काटा शेवटच्या खुणेच्या जवळ. केबलला वास येतो. बोटं बधिर झाली तरी दाराला कुणी शिवत नाही.

पट्ट्या परत टाकायच्या तर पुरवठा बंद करायला हवा. म्हणजे ती लेक. न टाकाव्यात तर खटका पडणार. म्हणजे तीच. ज्या बाजूने जावं तिकडून तिच्यापाशीच येते.

आणि हे करून ठेवलं कुणी? मी.

२९ नोव्हेंबर, शनिवार

बाबा आले! न सांगता, सकाळच्या बसने. नवा सदरा, हातात आईने दिलेली पिशवी. बघताच रडू आलं, त्यांना वाटलं आनंदाचं. मला मॅनेजरांनी तेवढ्यात वर बोलावलं. बाबांना म्हटलं, बसा, आलेच.

खाली आले तर ते पॅनलच्या खोलीतून बाहेर येत होते. मुकादमबाई सोबत. बाबा नुसते खुशीत. म्हणाले, या बाईंनी तुझं काम दाखवलं, लेकीच्या पॅनलला हात लावून बघा म्हणाल्या, काय ऊब आहे गं, माझं मनगट किती वर्षं धरलं होतं, सुटलं बघ!

उलटा हात. मीच लहानपणी कौतुकाने शिकवला होता त्यांना, शाळेत शिकून आल्यावर.

मुकादमबाई नजर वर करेनात. एवढंच म्हणाल्या, की ताई, मी आई आहे.

मी पिशवी उचलली आणि बाबांना वर खोलीत घेऊन गेले.

३० नोव्हेंबर, रविवार

बाबा परत गेले. मी बसपर्यंत सोडायला गेले. स्विचबोर्डचं काय, त्यांनी पुन्हा विचारलं. गिलावा करायचाय, लवकर सांग. सांगते म्हटलं.

त्यांचा हात धरून बसले होते बस सुटेपर्यंत. गरम होता. फार गरम.

१ डिसेंबर, सोमवार

काटा खुणेवर. वर-खाली थरथरतो. खटक्यातून बारीक आवाज येतोय, दात खाल्ल्यासारखा.

दर थोड्या वेळाने बाबांना फोन करते. काय गं, करमत नाही का, म्हणतात. आईने फोन घेतला, म्हणाली, जेवलीस का, आवाज असा का?

बायकांना विचारणार नाही. बाबांनंतर हात लाव, असं कुणाला कसं सांगू? आणि त्यांची लेकरं—

मुकादमबाईंनी केलं ते मीही करू शकते. फाटकावरून कुणीही जाणारा-येणारा. एक चहा पाजायचा, पॅनल दाखवायचं. आज दोनदा तसं मनात आलं. एकदा तर फाटकापर्यंत गेले.

परत आले.

२ डिसेंबर, मंगळवार, सकाळ

वायरमन काकांशी बोलले. ठरलं. खटका एकदा पडला की परत वर करायचा नाही. खांबावरचा फ्यूज उतरवून ट्रान्सफॉर्मरकडून येणारी केबलच कापून टाकायची, पुन्हा जोडता येणार नाही अशी. मावशी गेल्या त्या दिवशी पुरवठा कितीतरी वेळ बंद होता. बाकीच्या कुडकुडल्या, पण जगल्या. म्हणजे एकच जातो. एक गेला आणि पुन्हा सुरूच केलं नाही, तर संपेल.

काकांनी विचारलं, आणि तो एक कोण? मी हातमोज्यांकडे पाहिलं. ते खोकले नाहीत.

इथे हात न लावलेली मी एकटीच आहे.

२ डिसेंबर, दुपार

पॅनलपाशी बसले आहे. मोजे काढले. डावा हात दाराला, उलटा. उजव्याने लिहितेय.

ऊब— खरंच आहे. खोटं नव्हतं. रेडिओ खोटं बोलत नव्हती. सगळं दुखणं उतरत जातंय, न दुखणारंही.

काटा खुणेच्या पलीकडे गेला. माझ्यामुळे. पाहिला मी जाताना.

भीती वाटते. लिहून ठेवते, खूप वाटते.

दारातून काका दिसताहेत, कुंपणापाशी, हातात करवत. मॅनेजर त्यांच्या अंगावर ओरडताहेत. इस्पितळाच्या चादरी अडकल्यात, एक मिनिट बंद ठेवायचं नाही, पडला तर लगेच वर करा. काका मान खाली घालून उभे. काका, कापाल ना? माझ्या आधी शेवटचा हात बाबांचाच आहे. पुन्हा सुरू केलं आणि पुन्हा पडला तर—

काका वर बघत नाहीत.

फोन लावलाय. स्पीकरवर. बाबा बोलताहेत. त्यांना बोलतं ठेवायचं. खोलीचा गिलावा सुरू केलाय. मनगट आता अजिबात दुखत नाही, थापी कशी सरसर चालते. आई मागून म्हणतेय, तिला कामाच्या वेळी कशाला छळता? बाबा म्हणाले, छळत नाही, विचारतोय. भिंत ओली आहे, आत्ता सांग बाई, बोर्ड कुठे घेऊ, परत परत फोडायला लावू नकोस.

खटक्याचा आवाज थांबला. आता नुसती शांतता—

मी म्हटलं, बाबा, दाराशीच घ्या. आत येणाऱ्याला चाचपडावं लागू नये. डाव्या हाताला, चौकटीपासून वीतभर सोडून, आणि उंची अशी ठेवा की आईचा हात सहज